वाळूसाठी सोडलेली हवा

ही गोष्ट खरी आहे.

मरहूनला ओळखणारा कोणीही सांगेल, असलं काही रचून सांगायची अक्कल त्याच्यात नाही. तो खोटं बोलतो ते फक्त बायकोशी, आणि तेही गाडीच्या सामानाबद्दल.

शिवाय ही गोष्ट रात्रीची नाही.

घडली ती ओमानातल्या बिदिया गावात, थंडीच्या सुरुवातीला, भर दुपारी. नमाज झालेली, जेवणं झालेली, गाव आडवं पडलेलं. त्या वेळी बिदियात कुत्रंसुद्धा कूस बदलत नाही. शेवटच्या घराच्या भिंतीपलीकडे वाळू सुरू होते, आणि तिच्यावरचा वारासुद्धा तेव्हा पडलेला असतो.

त्या शांततेत मरहूनला ऐकू आलं...

स्स्स्स्स...

पण आधी गाडीचं सांगायला हवं.

गाडी म्हणजे जुनी, चौकोनी, चारही चाकांना जोर असलेली वाळूतली गाडी. मरहूनने ती भंगारवाल्याकडून उचलली. आधीचा मालक कोण, हे भंगारवाल्याला ठाऊक नव्हतं. वाळूतून कोणीतरी ओढून आणून टाकलेली, एवढंच तो म्हणाला. आणखी विचारायला मरहूनला सवड नव्हती. नवरदेवाला जशी नसते, तशीच.

कारण होतं बाबा.

मरहूनचे वडील सुवैलेम वाळूत जन्मले. आत एक विहीर आहे, तिच्याभोवती त्यांचं बालपण गेलं. मग सरकारी घर आलं, नळ आला, आणि म्हातारपणी डोळे जाऊ लागले. एकदम नाही. कडेकडेने, दिवा कमी करत आणावा तसे. डॉक्टरने सांगितलं होतं, आहे तेवढं आहे. बाबांनी मुलाकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली.

"ती विहीर एकदा दाखव. दिसतंय तोवर."

कुठल्याही शहाण्या माणसाने मेहुण्याची गाडी मागितली असती. मेहुणा खमीस, म्हणजे बायकोचा भाऊ, त्याच्याकडे नवीकोरी गाडी होती. पण मरहूनला बाबांना स्वतःच्या हाताने बांधलेल्या गाडीतून न्यायचं होतं.

यात सात वर्षं गेली.

इंजिन बदललं, तर गिअरबॉक्स त्याला जुळेना. गिअरबॉक्स आणला, तर तो खाली टेकू लागला. मग गाडी उचलली. स्प्रिंगा उंच, टायर मोठे. गाडी अशी दिमाखात उभी राहिली की शेजारी बघायला आले. मरहूनने बाबांना हात धरून आणलं, दार उघडलं...

आणि बाबांचा पायच वर पोचेना.

ज्यांच्यासाठी बांधली, त्यांनाच चढता येईना!

"शिडी लाव," खमीस म्हणाला. "नाहीतर बाबांना उंटावर चढवतात तसं चढव. गाडीला बसायला शिकवलंस की झालं."

मरहूनने रागाने पाना फेकला. तो त्याच्याच पायावर पडला.

मग पायऱ्या जोडल्या. जोडताना आतल्या तारा जळल्या. एक ठीक करावं तर दुसरं रुसायचं. जुवैना, त्याची बायको, गाडीला सरळ सवत म्हणायची.

"माझ्या स्वयंपाकघराच्या फरशा तिच्या गिअरबॉक्समध्ये गेल्या," ती पाहुण्यांना सांगायची. "माझ्या बांगड्या तिच्या टायरांत. खरी सवत आणली असतीस तर निदान भांडी तरी घासली असती तिने!"

"या शुक्रवारी निघतो," मरहून म्हणायचा.

"कुठल्या सालातल्या?"

आणि तिकडे बाबांचे डोळे कमी कमी होत होते.

शेवटी गाडी तयार झाली. खरंच. मरहूनने टायरांत हवा भरली, हात धुतले, जेवला आणि पडला. उठून बघतो तर चारही टायर बसलेले.

पंक्चर नव्हते. पूर्ण रिकामेही नव्हते. चारही सारखेच मऊ.

वाळूत शिरताना हवा कमी करतात. टायर पसरतो, रुतत नाही. तिथल्या पोरांनाही हे कळतं. त्या टायरांत नेमकी तेवढीच हवा होती.

आणि व्हॉल्व्हची चारही टोपणं बॉनेटवर, एका ओळीत ठेवलेली...

मरहून टोपणं काढली की खिशात टाकतो. कायम.

त्याने शेजारच्या पोरांना झापलं. पोरं आजीकडे गेली होती. त्याने पुन्हा हवा भरली. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. त्याने व्हॉल्व्ह बदलले. फाटकाला कुलूप घातलं.

टायर मऊ. टोपणं बॉनेटवर. कुलूप जागच्या जागी.

हवा भरून भरून पंप जळाला. मरहूनने खमीसचा आणला. तोही जळाला.

"तुझ्या गाडीला वाळूची ओढ लागलीय," खमीस म्हणाला. "आणि मला नवा पंप लागतोय."

"चेष्टा नको करूस."

"मग तशीच घेऊन जा ना! आत तेवढीच हवा लागते."

"मी सोडलेली हवा नाही ती!" मरहून ओरडला. "माझ्या गाडीची हवा मी सोडणार!"

हा मरहूनचा स्वभाव. भूत परवडलं, पण न विचारता केलेली मदत परवडत नाही.

शेवटी एका दुपारी तो झोपलाच नाही. गाडीच्या सावलीत भिंतीला टेकून बसला. समोर चारही चाकं दिसत होती. हातात पाना.

सगळं शांत. घरातून बाबांच्या खोकल्याचा आवाज आला, आणि तोही थांबला.

मग...

स्स्स्स्स...

मागचं डावं चाक. मरहून बघत होता. टायरचं पोट हळूहळू फुगलं, जमिनीवर पसरलं. आवाज थांबला.

थोडी उसंत. एका चाकापासून दुसऱ्यापर्यंत चालत जायला माणसाला लागते, तेवढीच.

मग पुढचं डावं.

स्स्स्स्स...

तिथे कोणी नव्हतं. सावलीसुद्धा नव्हती.

कोणीही पळाला असता. मरहून घाबरला, नाही असं नाही. पण सात वर्षांचा वैताग भीतीपेक्षा मोठा निघाला. तो ताडकन उठला.

"जायचंय ना वाळूत? जायचंय ना? चल मग! आत्ता चल!"

तो घरात शिरला, बाबांना हलवून उठवलं.

"बाबा, चला. विहिरीला."

"आत्ता?" बाबांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. दुसरं काही न विचारता ते चपला चाचपू लागले.

जुवैना डोळे चोळत दारात आली. "खमीसला तरी बोलव. एकटा कुठे निघालास?"

आणि इथे मरहूनने मोठी चूक केली. वाळूत कोणी एकट्या गाडीने जात नाही. सोबत दुसरी गाडी हवी, निदान दुसरा धडधाकट माणूस तरी. हे तिथे पोरांना शिकवावं लागत नाही. पण खमीसला बोलवायचं म्हणजे त्याचे टोमणे पुन्हा ऐकायचे.

"नकोय मला कोणी," मरहून म्हणाला.

ते बाहेर आले तोवर उजवीकडची दोन्ही चाकंही मऊ झालेली. बाबा गाडीपाशी आले. पुढच्या दारावर हात ठेवला, आणि थबकले.

"नाही नाही, तुम्ही बसा," ते अदबीने म्हणाले, आणि मागच्या दाराकडे वळले.

"बाबा, पुढे बसा ना!"

"मागे बरा आहे मी."

मरहून घाईत होता. बाबा त्याला कधीपासून 'तुम्ही' म्हणू लागले, हा प्रश्न त्याला फार उशिरा पडला.

गाडी सुटली. खरं सांगायचं तर गाडी अशी चालली की मरहूनलाच राग आला. सात वर्षं जिने प्रत्येक गोष्टीला नाट लावली, ती आता टेकड्यांवरून लोण्यासारखी सरकत होती. ना घसरली, ना रुतली. दोन ठिकाणी वाट फुटली, तिथे स्टिअरिंग आधी वळलं आणि त्याचे हात मागून वळले...

की त्याला तसं वाटलं?

पुढची सीट दुसऱ्या गाडीतून आणलेली होती. तिच्या स्प्रिंगा माणूस बसला की कुरकुरायच्या. रिकामी असली की गप्प.

उतारावर ती कुरकुरली.

मरहूनने तिकडे बघितलं नाही. मागे बाबा हळू आवाजात काहीतरी बोलत होते. जप करत असतील, असं त्याने स्वतःला सांगितलं. जप करताना माणूस मध्येच हसत नाही, हेही त्याला कळत होतं.

विहीर आली.

म्हणजे काय आलं? वाळूत अर्ध्या बुडालेलं दगडी कडं. एक वाळलेलं झाड. कोणीतरी टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या. मरहूनचं तोंड पडलं. यासाठी सात वर्षं?

त्यात इंजिनातून वाफ येऊ लागली. मरहून शिव्या घालत बॉनेटखाली शिरला. बाबांना हात देऊन विहिरीपाशी न्यावं, तिथलं दोन शब्दांत सांगावं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. एक पट्टी सैल झाली होती, ती त्याला जास्त महत्त्वाची वाटली.

डोकं वर काढलं तेव्हा बाबा उतरून गेले होते.

ते विहिरीकडे चालले होते. सरळ. न अडखळता. घरात पाण्याचा माठ सापडायला ज्यांना भिंत धरावी लागायची, ते.

काठी एका हातात. दुसऱ्या हाताचं कोपर बाजूला उचललेलं... आंधळ्याला धरून नेताना उचललेलं असतं, तसं.

धरणारं कोणी नव्हतं.

बाबा कड्यावर बसले. मान डोलवत ऐकत राहिले. एकदा खळखळून हसले. एकदा डोळे पुसले. मरहूनच्या हातातला पाना गार पडला होता, पण पाऊल पुढे पडेना.

उन्हं कलली तेव्हा बाबा तसेच परत आले. कोपर तसंच उचललेलं.

"तुझ्या सोबत्याची नजर चांगली आहे," ते म्हणाले.

"कोण सोबती, बाबा?"

"मी कसा विचारणार? पाहुण्याला पहिले तीन दिवस नाव विचारत नाहीत. एवढंही शिकवलं नाही का मी तुला?"

"बाबा, गाडीत आपण दोघंच..."

"वेडा आहेस का! वाळूत कोणी एकटा येतो?" बाबा त्याच्यावरच चिडले. "पुढे बसले होते ते. सगळं सांगितलं मला. झाड किती हिरवं आहे ते. बकऱ्या पाण्यावर आल्यात ते. माझ्या आईचा तंबू, त्याला लावलेलं काळं ठिगळ. तू तर एक शब्द बोलला नाहीस. गाडीतच डोकं घालून बसलास."

मरहूनने वाळलेल्या झाडाकडे बघितलं. 

तो पावलं बघायला गेला. बाबांची होती. शेजारी काठीची भोकं. पण दुसऱ्या अंगाला, जिकडे कोपर होतं तिकडे, वाळू साफ होती. वाऱ्याच्या रेघासुद्धा नव्हत्या. गुळगुळीत पट्टा, विहिरीपर्यंत.

आणि विहिरीपासून परत... गाडीपर्यंत.

पुढच्या दारापर्यंत.

परतीच्या वाटेवर सीट कुरकुरत राहिली. बाबा मागे समाधानाने डुलत होते. घर दिसू लागलं तेव्हा म्हणाले,

"ते म्हणतात, पुन्हा जाऊ. तुला त्रास नको. पुढच्या वेळी गाडी तेच चालवतील."

त्या रात्री मरहून झोपला नाही. उजाडताच त्याने जॅक लावला आणि चारही चाकं उतरवली. बॅटरी काढली. इंजिनाच्या तारा उपटल्या. जे सात वर्षं जोडलं, ते दुपारच्या आत उसवलं.

"अबू शैमा, वेड लागलं का तुला?" जुवैना म्हणाली. मोठी मुलगी शैमा, म्हणून तो अबू शैमा, शैमाचा बाप. या वेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "आता तर चालायला लागली होती!"

"म्हणूनच," मरहून म्हणाला.

खमीस गाडी विकत घ्यायला आला. मरहूनने त्याला फाटकातूनच परत पाठवला. असली गाडी विकायची कोणाला? आणि ती गेली, म्हणून पुढच्या सीटवरचाही जाईल कशावरून?

आता बाबांचे डोळे पूर्ण गेलेत. त्यांना त्याचं दुःख नाही. उलट ते इतके खुशीत कधी नव्हते. रोज दुपारी घर झोपलं की ते धुतलेला पांढरा अंगरखा घालतात, डोक्याला फडकं बांधतात आणि फाटकाच्या पायरीवर जाऊन बसतात. मधोमध बसत नाहीत. एका कडेला बसतात, शेजारी एका माणसाची जागा सोडून.

परवा मरहून त्यांच्यापुढे उकिडवा बसला. "बाबा, आत चला. गाडी मोडली. आता कुठे जायचं नाही."

"चाकं काढलीस ते बरं केलं नाहीस," बाबा हळूच म्हणाले. "पाहुण्याचा असा अपमान करत नाहीत."

"बाबा..."

"पण त्यांना राग नाही आला. म्हणाले, असू दे."

बाबांनी रिकाम्या जागेकडे मान वळवली. कोणीतरी काही सांगतंय तसं ऐकलं. हसले.

"म्हणाले, चालत जाऊ."

मरहूनने कचेरीतून दुपारची रजा टाकलीय. रोज तो बाबांजवळ पायरीवर बसतो, त्यांच्या अंगरख्याची कड मुठीत घट्ट धरून.

त्या सोडलेल्या जागेत मात्र नाही.

दुसऱ्या बाजूला.