सुताराचा फळा

खण दुरुस्त करायला आलेला सुतार स्वतःच तपासणीच्या खुर्चीत जाऊन बसेल, असं त्या दिवशी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

चष्म्याच्या दुकानातला भिंगांचा खण महिनाभर छळत होता. ओढला की अर्ध्यावर यायचा आणि हटून बसायचा. शेवटी मालकांनी कोपऱ्यावरच्या सुताराला बोलावलं. तो आला, गुडघ्यांवर बसला, खण उपसून काढला आणि स्क्रूच्या खाचेत पेचकस बसवताना त्याने डोळे इतके बारीक केले, की डोळे तपासणाऱ्या बाईंना राहवेना. या बाईंचीच ही गोष्ट आहे. वय अठ्ठावीस, हात स्थिर, चेहऱ्यावर ना हसू ना आठी. दिवसभर लोकांना ‘आता कसं दिसतंय?’ विचारायचं आणि स्वतः काही म्हणायचं नाही, हे तिचं काम. खरं सांगायचं तर स्वभावही तोच. तिची आत्या, जिच्याकडे ती राहायची, तिला मौनीबाई म्हणायची.

“दुपारनंतर डोकं दुखतं का?” तिने विचारलं.

“दुखतं. पण ते सगळ्यांचंच दुखतं ना?”

“नाही. बसा इथे.”

आतली खोली लहान आणि अंधारी. समोर अक्षरांचा उजळलेला तक्ता. तिने त्याच्या नाकावर तपासणीची जड गोल चौकट चढवली आणि एकेक काच घालून बघायला सुरुवात केली.

“ही बरी… की ही?”

तो विचारात पडला. खूप वेळ पडला. “पहिलीत अक्षरं काळी दिसतात, दुसरीत मोठी दिसतात. तुम्हाला काय वाटतं?”

“मला वाटून काय उपयोग?”

“अहो, तुम्ही जाणकार. मी तर आजच आलोय.”

“डोळे तुमचे आहेत. तुमच्या डोळ्यांनी मला बघता येत नाही.”

“प्रयत्न केलाय कधी?” त्याने अगदी साळसूदपणे विचारलं.

तिने काच बदलली. त्यासाठी वाकावं लागायचं आणि त्याच्या पापणीवर लाकडाचा बारीक भुसा अडकलेला दिसायचा. बोटाच्या टोकाने तो झटकावा असं तिला वाटलं. पण हे काही कामात बसत नव्हतं, म्हणून तिने तो तसाच राहू दिला. दहा मिनिटांची तपासणी पन्नास मिनिटं चालली. बाहेर ताटकळलेल्या आजीबाई तोवर खुर्चीत पेंगायला लागल्या होत्या.

मग चौकट निवडायची वेळ आली आणि खरा तमाशा तेव्हा झाला. एक काळी, एक तपकिरी, दोन्ही घेऊन गडी सरळ रस्त्यावर उतरला. समोरच्या किल्लीवाल्याला दोन्ही लावून दाखवल्या, पोस्टमनला आणि दोन वाटसरूंना थांबवलं, आजीबाईंना तर झोपेतून उठवून विचारलं. तपकिरीला तीन मतं, काळीला दोन.

“तुमचं एक राहिलं,” तो तिच्यासमोर येऊन म्हणाला. “तुम्ही काळी म्हणालात तर बरोबरी होईल.”

“मग काय कराल?”

“मग मालकांना विचारीन.”

“दोन्ही चांगल्या आहेत,” ती म्हणाली. खरं तर तपकिरीत तो चांगला दिसत होता. जरा जास्तच चांगला दिसत होता, पण हे तिने स्वतःलाही मोठ्याने सांगितलं नाही.

लवकरच तिला कळलं, की या माणसाचं सगळंच असं आहे. त्याच्या दुकानाबाहेर एक काळा फळा टांगलेला असायचा. दर सोमवारी त्यावर नवा प्रश्न. खाली दोन रकाने, शेजारी दोरीला बांधलेला खडू. येणाऱ्या-जाणाऱ्याने आपल्या मताची रेघ ओढायची आणि चालू लागायचं. ओली छत्री उघडी वाळवावी की मिटून? पुस्तकाचं पान दुमडणाऱ्याला पुस्तक उसनं द्यावं की नाही? जिना उतरताना दिवा वरच्याने मालवावा की खालच्याने? लोक भारी हिरिरीने रेघा ओढायचे. पान दुमडण्यावरून किल्लीवाला आणि पोस्टमन दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते.

संध्याकाळी दुकान बंद करून ती त्याच वाटेने घरी जायची. तो रंधा बाजूला ठेवून बाहेर यायचा, तपकिरी चष्मा नाकावर, बाह्यांवर भुसा.

“तुमची रेघ?”

“माझं मत नाही.”

“छत्रीबद्दलही नाही? छत्री तर आत्ता तुमच्या हातात आहे. तीसुद्धा ओली.”

“आहे ना. घरी जाऊन ठेवीन कुठेतरी.”

“उघडी की मिटून?”

“तुम्हाला काय करायचंय?”

“मला रात्री झोप लागणार नाही,” तो म्हणाला आणि इतक्या गंभीरपणे म्हणाला, की तिला वळून चालायला लागावं लागलं, नाहीतर हसू दिसलं असतं. पाऊस भुरभुरत होता. छत्री हातात असून ती अर्धा रस्ता न उघडताच चालत गेली, हे घरी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं.

“भिजलीस कशी?” आत्याने विचारलं.

“कळलं नाही.”

“हं,” आत्या म्हणाली. आत्याचा ‘हं’ फार लांबचं बघणारा असतो.

असे दोन महिने गेले. वाटेवरची ती दोन मिनिटं पंधरा मिनिटांची कधी झाली, याचा दोघांनी हिशेब ठेवला नाही. तो सांगायचा, मला खुर्ची बनवायला आवडते कारण खुर्चीचं बरं-वाईट बसणाऱ्याला लगेच कळतं. ती सांगायची, मला लहान मुलं तपासायला आवडतात कारण ती खोटं बोलत नाहीत, दिसत नसेल तर सरळ रडतात. बाकी ताकास तूर लागू देत नसत. दोघंही शहाणी, दोघंही सावध.

मग एका सोमवारी फळ्यावर प्रश्न आला : आवडतं माणूस वाटेत लांबून दिसलं, तर आपण आधी हाक मारावी, की त्याने आपल्याला पाहीपर्यंत थांबावं?

ती फळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग दोरीचा खडू हातात घेऊन ‘थांबावं’खाली एक बारीक रेघ ओढली. तिची पहिलीच.

तो दारात होता. रेघेकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

“आणि दोघंही थांबून राहिले तर?”

“पुढच्या सोमवारी लिहा,” ती म्हणाली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. रकान्यात त्याची स्वतःची रेघ कुठली, ते तिला विचारायचं होतं, पण राहिलं.

पुढच्या सोमवारी मात्र पत्र आलं. पाच तासांच्या अंतरावरच्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात, मुलांच्या नेत्रविभागात, तिने वर्षापूर्वी अर्ज केला होता. जागा रिकामी झाली होती, शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. तिरळ्या डोळ्यांची मुलं, चार-चार वर्षांची, त्यांच्याबरोबर दिवसभर काम. हेच तर तिला हवं होतं. पत्र वाचून तिला आनंद झाला आणि आनंदाच्या मागोमाग कोपऱ्यावरचा तो फळा आठवला.

“जायलाच हवं,” आत्या म्हणाली. “इथे काय ठेवलंय तुझं?”

तिने पत्र पुन्हा पाकिटात घातलं. आत्याने पुन्हा एकदा तो लांबचा ‘हं’ केला.

संध्याकाळी तिने त्याला सांगितलं. त्याच्या हातातला रंधा फळीच्या मधोमध थांबला. आत ओल्या लाकडाचा वास दाटला होता. ती वाट बघत होती… कशाची, ते तिला नीट ठाऊक होतं. त्याने फक्त एक वाक्य म्हणावं. कुठलंही चालेल.

“कधीपर्यंत कळवायचंय?” तो म्हणाला.

“शुक्रवारपर्यंत.”

“बरं,” तो म्हणाला आणि रंधा पुन्हा चालू लागला.

बुधवारी सकाळी पोस्टातलं एक काम उरकून ती दुसऱ्या वाटेने दुकानात पोचली तर किल्लीवाल्याने समोरून हात उंचावला. “बाई, जा तुम्ही. अशी संधी परत येत नसते.” तिला काही कळेना. तासाभराने पोस्टमन आला, म्हणाला, “मी राहा म्हटलंय. पत्रं टाकायला एक ओळखीचं दार कमी होतं हो.” दुपारी आजीबाई चष्म्याच्या दांडीचा स्क्रू घट्ट करून घ्यायला आल्या आणि तिचा हात थोपटून म्हणाल्या, “तिकडचं पाणी उकळून पी.”

तिने दुकान मालकांवर सोडलं आणि तरातरा कोपरा गाठला.

फळ्यावर सोमवारचा प्रश्न पुसलेला होता. त्या जागी त्याच्या वळणदार अक्षरात : चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी मोठ्या रुग्णालयातली नोकरी घ्यावी, की इथेच राहावं? ‘घ्यावी’खाली तेवीस रेघा. ‘राहावं’खाली नऊ. तेवीसमधल्या दोन चांगल्या जाडजूड होत्या. त्या आत्याच्या, हे सांगायला कोणी नको होतं.

तो आत खुर्चीचा पाय घासत होता. तिला पाहून उठला.

“हे काय आहे?” ती म्हणाली.

“प्रश्न… म्हणजे, लोकांचं मत…”

“मी छत्री आहे का? मिटून ठेवू की उघडी, अख्ख्या गल्लीला विचारायला? मी तुला सांगितलं होतं. तुला. किल्लीवाल्याला नव्हतं सांगितलं.”

आवाज चढलेला नव्हता, पण रागाच्या भरात अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं होतं. ते त्याच्याही लक्षात आलं. त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “पुसतो.”

“पुसून काय होणार? तेवीस आणि नऊ, सगळ्यांना पाठ झालंय. यात तुझी कुठली?”

“माझी नाहीच.”

“का? जगातल्या प्रत्येक गोष्टीवर लोकांना विचारतोस, स्वतः कधी काही म्हणतोस का?”

“माझं मत नव्हतं,” तो म्हणाला. मग अर्धवट खुर्चीकडे बघत, “खोटं आहे हे. त्या सगळ्यांकडे मत होतं. माझ्याकडे नुसता स्वार्थ आहे. तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. सोमवारपासून दुसरं काही वाटतच नाहीये, त्या खुर्चीचे तीन पाय एका मापाचे झालेत आणि चौथा भलताच. आणि हे वाटणं बरोबर नाही, हेही कळतं. ते काम तुमचं आहे, लहान मुलांबद्दल तुम्ही बोलता तेव्हा तुमचा चेहरा मी बघितलाय. म्हटलं, मी राहा म्हणालो आणि तुम्ही राहिलात, तर जन्मभर मला ते टोचेल. जा म्हणालो आणि गेलात, तर… म्हणून लोकांना विचारलं. कोणीतरी माझ्याहून शहाणं निघेल म्हणून.”

ती गप्प होती. हे गप्प बसणं मात्र नेहमीचं नव्हतं. नेहमी ती बोलायचं नाही म्हणून गप्प असायची. आज बोलायचं खूप होतं, आणि सुरुवात कुठून करावी ते सुचत नव्हतं.

“मी होकार कळवलाय,” शेवटी ती म्हणाली. “आज सकाळी. फळा बघायच्या आधीच.”

त्याने मान हलवली. हातातला घासकागद उगाच घडी घालून खिशात ठेवला. “चांगलं केलंत.”

“माझं ऐकून घे. जायचं की नाही, हे मला तुला विचारायचं नव्हतंच. ते माझं ठरलं होतं. तू काही बोलतोस का, एवढंच मला बघायचं होतं. आणि तू बरं म्हणून लाकूड तासायला लागलास.” तिचा आवाज इथे जरा हलला. “चूक माझीही आहे. लोकांना दिवसभर विचारायचं, तुम्हाला काय दिसतं, आणि आपल्याला काय दिसतं ते गिळून टाकायचं, ही सवयच लागलीये मला. तर आता सांगते. तपकिरी चौकट तुला छान दिसते, पहिल्या दिवसापासून. आणि मला तू आवडतोस. मी सोमवारी जाणार आहे आणि मला तू आवडतोस. यातलं एक खरं म्हणून दुसरं खोटं होत नाही.”

बाहेर कोणीतरी फळ्यापाशी थांबलं, आत डोकावलं, आणि रेघ न ओढताच पाय उचलून निघून गेलं. मोठ्या शहाणपणाचं काम केलं त्याने.

सुतार उभाच होता. खाली बसायला त्याच्याकडे खुर्ची होती, पण तिचा चौथा पाय भलताच होता. दोन महिन्यांत पहिल्यांदाच असं झालं, की त्याला काही विचारावंसं वाटलं आणि त्याने फळ्याकडे बघितलं नाही. तिच्याकडे बघितलं. तिच्या कपाळावर घाईने चालत आल्याचा घाम होता, डोळे ओलसर होते आणि ती ते लपवत नव्हती.

“एक विचारू?” तो म्हणाला.

“गल्लीला नाही ना?”

“नाही. तुलाच.” तू म्हणताना तो अडखळला, पण म्हणाला. “त्या शहरात… सुतार लागतात का?”

तिने या वेळी जराही विचार केला नाही.

“एक लागतो.”