चार दहाचा कॉल

कंट्रोल रूममध्ये सगळे तिला मास्तरीण म्हणत. कामच तसं होतं. ॲम्ब्युलन्स जाऊन आठवडा उलटला की रुग्णाच्या घरी फोन करायचा, सेवा कशी वाटली ते विचारायचं आणि दहापैकी गुण लिहून घ्यायचे. "पेशंटपेक्षा तुमचा ड्रायव्हरच जास्त घाबरला होता," असं कुणी सांगितलं की ती खो खो हसायची.

त्या दुपारी तिने यादीतला शेवटचा नंबर लावला. बराच वेळ रिंग वाजली. मग कुणीतरी फोन उचलला, पण आधी नुसता श्वास ऐकू आला, नंतर एका बाईचा हॅलो. मागे कुठेतरी नळ ठिबकत होता.

"गाडी वेळेवर आली होती का, बाई?"

"वीस मिनिटांनी आली... तोवर हे जिन्यातच गेले. डोकं माझ्या मांडीवर होतं."

 मास्तरणीने अडखळतच गुण विचारले.

"शून्य लिहा," बाई म्हणाली आणि फोन ठेवला.

शून्य लिहायला मास्तरणीने रकाना शोधला. तारीख आजची होती. कॉल आल्याची वेळ, चार वाजून दहा मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात आत्ता कुठे पावणेचार होत होते.

तिने पुन्हा तोच नंबर फिरवला. या वेळी एका पुरुषाने लगेच उचलला.

"मला काही विकायला फोन केला असेल तर आधीच सांगतो, खिसा फाटका आहे!"

मागे एक बाई हसली. आवाज तोच. या माणसाला काय सांगणार? तिने फोन ठेवला आणि खाली धावली.

"कॉल आल्याशिवाय गाडी हलत नाही," ड्रायव्हरकाका म्हणाले. "नोकरी जाईल दोघांची."

"गेली तर गेली. काका, तुमच्या पाया पडते, निघा!"

काकांनी तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी सुरू केली.

चार दहाला बाईची किंकाळी फोनवर आली, तेव्हा गाडी त्यांच्या दारातच उभी होती. इकडे कंट्रोल रूममध्ये मास्तरीण कानाला फोन लावून होती. तिकडे काकांनी गाडीतल्या यंत्राने छातीला एक झटका दिला. दुसरा दिला. मग काकांचा आवाज आला, "मास्तरीण! हृदय चालू झालं गं!"

सगळी खोली टाळ्यांनी दणाणली. जाब विचारायला आलेले साहेबही टाळ्या वाजवू लागले, आणि मास्तरीण टेबलावर डोकं टेकून मनसोक्त रडली.

पुढे ते गृहस्थ बायकोला घेऊन भेटायला आले. दहापैकी अकरा लिहा म्हणून काकांच्या पाठीवर थापा मारत होते. बायकोने मास्तरणीला बाजूला नेलं.

"शून्य म्हणाले होते ना मी... रागावू नका हं."

"तुम्हाला... तो फोन आठवतोय?"

बाईने हसणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही फोन केलात तेव्हा यांना जाऊन दहा दिवस झाले होते," ती अगदी हळू म्हणाली. "त्या घरात एकटीने काढलेत मी ते, ताई... यांना काही बोलू नका."