वळणावरचं शेवटचं चित्र

चित्रकार धरणीधर उप्रेती गेले, त्यात सर्वांत जास्त फायदा समीर तलवारचा झाला. जिवंतपणी उप्रेतींच्या डोंगरांना दिल्लीत गिऱ्हाईक मिळत नव्हतं. म्हातारा बर्फात, ईझलसमोर बसल्या बसल्या गेला अशी बातमी छापून आली, आणि तलवारच्या चित्रदालनाबाहेर गाड्या लावायला जागा उरेना. शेवटच्या चित्राची किंमत तर तो सांगतही नव्हता. विचारलं की नुसता हसायचा.

रेवती साह हिने हे सगळं ऐकून घेतलं. अल्मोड्यात खाजगी तपासाचं काम सुरू करण्याआधी तिची नोकरी विमा कंपनीत होती, दावे तपासण्याची. कुणी मेलं की आधी कुणाचं भलं झालं ते ती पाही, हळहळ त्यानंतर.

"म्हणजे तलवारने मारलं," भुवन कांडपाल म्हणाला. रेवतीला हिंडवणारी जीप त्याची होती. मतंही त्याची स्वतःची होती, आणि दोन्ही चढावर तापत.

"मारलं नसेल," समोर बसलेली उप्रेतींची मुलगी गरिमा म्हणाली. "पण त्या थंडीत बाहेर बसवलं त्यानेच. बाबूंना छातीचं दुखणं होतं. हिवाळ्यात बाहेर रंगवायचं नाही, असा शब्द त्यांनी मला दिला होता. कुणाचा तरी दोष असणारच ना, दीदी? मला तो हवाय. त्याशिवाय झोप लागत नाही."

"तुमची शेवटची भेट कधी झाली?"

"उत्तरायणीला, संक्रांतीच्या सणाला, मी येणार होते. ऑफिसातून सुटका झाली नाही. तसा मेसेज टाकला होता मी."

तिने पंचनाम्याच्या वेळी पटवाऱ्याने काढलेला फोटो दाखवला. मोटाररस्त्याच्या वळणावरच्या दगडी कट्ट्यावर उप्रेती बसलेले. टोपीवर, खांद्यांवर, मांडीवर बर्फ. अंगात काळा लोकरी कोट. पुढ्यात ईझल, त्याचे तिन्ही पाय बर्फावर अलगद टेकलेले. ईझलवर चित्र.

"हा कोट?"

"माझ्या लग्नात शिवलेला."

"उबदार दिसतो," भुवन म्हणाला. रेवतीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग तो जीप काढायला गेला.

उप्रेतींचं घर धारेवर, डोंगराच्या कण्यावर, एकटंच होतं. आत तलवार चित्रं बांधत होता. भुवनने एक चित्र उजेडात धरलं. आकाशभर पिसांसारख्या पांढऱ्या रेघा पसरल्या होत्या.

"बुरशी लागलीय हो याला."

"खाली ठेवा ते," तलवार म्हणाला. "बुरशी नाही. हिवाळ्यात बाहेर रंगवलं की जलरंगातलं पाणी कागदावरच गोठतं, त्याची नक्षी उमटते. कुणी पाण्यात दारू घालून ती टाळतं. उप्रेतींनी कधी टाळली नाही. हिवाळ्यात बाहेर काढलेलं एकही चित्र तिच्यावाचून सापडणार नाही."

"तुम्ही त्यांना बाहेर बसायला लावलंत?" रेवतीने विचारलं.

"मी? बाईसाहेब, मीच तर म्हणत होतो, खोलीत बसा, आठवणीतून काढा. गेल्या वर्षी शेगडीपाशी काढलीही काही. ठीक होती." त्याने शेवटचं चित्र पुढे केलं. "हे बघा, जाताना काढलेलं. आकाश कसं नितळ. मनच शांत झालं असणार."

खुंटीवर तो काळा कोट होता. खिशाच्या अस्तरावर मोठा तेलकट डाग होता. रेवतीने तो बोटाने चोळून पाहिला.

"तैलरंग वापरायचे?"

"आयुष्यात नाही. वासानेच डोकं दुखायचं त्यांचं."

उप्रेती ज्याला सापडले तो त्रिलोक बिष्ट धारेखालीच राहायचा. वाटेत शाळा लागली. कुलपावर गंज, पायऱ्यांवर शेवाळ.

"गावात एक पोर नाही," भुवन म्हणाला. "कुत्रंसुद्धा पेन्शनीत निघालेलं."

बिष्ट सफरचंदांच्या बागेचा मालक होता, विधुर, मूलबाळ नसलेला. दारात आभाळात घुसलेला देवदार. त्याने चहा ठेवला. भुवन फोन हातात धरून दारात उभा राहिला.

"उगाच हात दुखवू नका," बिष्ट म्हणाला. "बर्फ पडला की टॉवर झोपतो. सणाच्या आठवड्यात तर मेलेलाच होता."

"तुमचं आणि उप्रेतींचं बोलणं नव्हतं म्हणे," रेवती म्हणाली.

"या झाडापायी. त्याला याच्यामुळे नंदादेवी दिसत नव्हती. म्हणे, तोड. मी म्हटलं, तू डोंगर सरकवून काढ, कागदावर कोण मोजायला येतंय?"

"मग?"

"नाही सरकवला. गाढव होता." बिष्ट किटलीकडे वळला आणि बराच वेळ वळलेलाच राहिला.

खुंटीवर घुघुत्यांची माळ टांगली होती: गुळाच्या पिठाचे तळलेले पक्षी, मधोमध सुकलेलं संत्रं.

"ही कुणाची?"

"गावातल्या पोरांसाठी. उत्तरायणीला गळ्यात घालून कावळ्यांना खायला बोलवतात ना."

रेवतीने चहा संपवला.

वर चढताना भुवन म्हणाला, "तू गप्प का? काही हाती लागत नाहीय का?"

"लागलंय."

"मग चांगलं झालं की."

"गरिमाला घेऊन ये," ती म्हणाली. "बिष्टजींनाही."

उप्रेतींच्या खोलीत पाचही जण बसले. रेवतीने शेवटचं चित्र भिंतीला टेकवून उभं केलं.

"तलवारसाहेब, हे बाहेर काढलेलं नाही. तसं असतं तर आकाशात नक्षी उमटली असती. हे शेगडीपाशी काढलंय, गेल्या वर्षी."

तलवारचं हसू पहिल्यांदाच गेलं.

"उप्रेतींच्या मांडीवर बर्फ आहे, पण ईझलचे पाय बर्फाच्या वर आहेत. म्हणजे बर्फ थांबल्यावर ते तिथे आणून ठेवलं. आणि लग्नातला कोट घालून कोण रंगवायला बसतं? ते रंगवत नव्हतेच."

"मग काय करत होते?" गरिमाने विचारलं.

"त्या कट्ट्यावरून रस्ता दिसतो. बस दिसते."

"बाई, पुरे," बिष्ट म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

"खिशातला डाग तुपातेलाचा आहे, गुळाने चिकट झालेला. तिथे माळ होती. ती आता बिष्टजींच्या खुंटीवर आहे. पोरांसाठी म्हणाले, पण गावात पोर नाही. गरिमा, तुमचा मेसेज पोचला नाही. टॉवर बंद होता. तुम्ही येणार एवढंच त्यांना माहीत होतं."

गरिमा चित्राकडे बघत राहिली. भुवन छपराकडे.

"मी पाहिलं होतं त्याला सणाच्या दुपारी, कट्ट्यावर," बिष्ट म्हणाला. "बर्फाने रस्ता बंद झालेला, बस कुठली येतेय. एक हाक मारायची होती, घरी जा म्हणून. नाही मारली. सवयच मोडली होती. सकाळी गेलो तर हा असा. खिशात माळ. पोरी, तू लहान असताना तो अशीच करायचा, तू ती घालून कावळ्यांना बोलवत धारभर हिंडायचीस. म्हटलं, हे हिला कळायला नको. घर उघडंच होतं. ईझल आणि हाताला लागलं ते चित्र उचललं. चित्रकार चित्र काढताना गेला, यात कुणाच्या मनाला काही लागत नाही."

"काका, मी येणार म्हणून ते काही बोलले होते?"

"आम्ही बोलत कुठे होतो?"

तलवारने चित्र उचललं, कुठे ठेवावं ते न सुचून पुन्हा तिथेच ठेवलं.

जीप पहिल्या उताराला लागली तेव्हा भुवनने विचारलं, "नसतं सांगितलं तर?"

"तिने विचारलं होतं."

"बिष्टचं खोटं बरं होतं."

"बिष्टचं बरंच होतं," रेवती म्हणाली. "पण तिने मला नेमलं होतं."

तलवारची एक गोष्ट बुडाली. पुढच्या प्रदर्शनात तो दुसरी उभी करील. बिष्टला भांडायलाही कुणी उरलं नाही. गरिमाने फी पूर्ण दिली आणि रेवतीने ती घेतली, कारण नाही म्हटलं असतं तर पोरीला तेही उपकार वाटले असते. दोष हवा होता तिला. तो मिळाला, सगळाच्या सगळा, आणि त्यातला वाटा उचलू शकेल असा तिच्या माहेरचा एकमेव माणूस ती येण्याची वाट बघत गेला होता.