परत म्हणून दाखव

"ए, जरा शिडी धर रे."

खाली कोण आहे हे तिनं बघितलंसुद्धा नाही. ट्रेनिंगच्या शेडमधली एक ट्यूब फडफडत होती, क्लासला अर्धा तास बाकी होता, आणि रिकामं बसणं हिच्या रक्तातच नव्हतं. खालच्यानं निमूट शिडी धरली. "हलू नको" म्हणून तिनं दोनदा झापलं, तरी चकार शब्द काढला नाही. ट्यूब लागली, ती उतरली, आणि तेव्हा कुठं नजरानजर झाली. कानामागं पेन्सिल, डोळ्यांत मिश्कील काहीतरी...

"नवा हेल्पर का तू?"

"तसंच समजा."

नऊच्या ठोक्याला तोच फळ्यासमोर उभा. फोरमनचं ट्रेनिंग देणारे सर ते हेच. तिला वाटलं, शिडीवरच राहिले असते तर बरं झालं असतं.

"बटण बंद करून चढलात, ते बघितलं मी," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "म्हणून गप्प होतो."

आठ वायरमन आणि ही एकटी बाई. सगळे हिला पक्कड म्हणायचे, कारण पक्कड काही हिच्या हातातून सुटायची नाही. दहा दिवसांत पास झाली तर फोरमन, नाहीतर परत वायरी ओढायच्या. संधी एकदाच.

त्यानं पहिल्याच दिवशी तिच्यापुढं हात केला. "ती पक्कड द्या इकडं. फोरमननं हत्याराला हात लावायचा नाही, माणसांकडून काम करून घ्यायचं." आणि पक्कड गेली सरांच्या मागच्या खिशात.

"दुसरं. काम सांगितलं की समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचं. त्याच्या शब्दांत, पोपटासारखं नाही. मगच कामाला हात."

झालं, तिची झोप उडाली. घरी एकच पंखा तिसऱ्यांदा पुसायला लागली तेव्हा आई वैतागली. "अगं, बस की एका जागी. मुंग्या लागल्यात का तुला?"

आता आईला काय सांगणार? पक्कड आठवायची, आणि पक्कड आठवली की ती ज्याच्या खिशात होती तो आठवायचा. बरं, पास झालं तर लगेच लांबच्या साइटवर जायचं, आणि सर इथंच, पुढच्या बॅचला. नापास व्हायचं नव्हतं, आणि जायचंही नव्हतं. जीव नुसता वरखाली.

चहाच्या सुट्टीत ती म्हणाली, "सर, पाच मिनिटं पक्कड द्या की. नुसती धरून बसते."

"नाही."

"फार कडक आहात बाई तुम्ही."

"शिडीखाली होतो तेव्हा 'तू' म्हणाला होतात. आता 'तुम्ही' झालो." तो कपाकडं बघत राहिला. "तेव्हा बरं वाटलं होतं."

तिचा चहा तसाच गार झाला.

दहाव्या दिवशी परीक्षा. चार माणसांची टोळी, बसवायचं एक विजेचं पॅनेल, दोन तास. टोळीत सगळ्यात जुने मिस्त्रीकाका.

"काका, मागचा मेन स्विच पाडा, त्याला कुलूप लावा, मग ही केबल सोडवा."

"बरं."

"परत म्हणा."

"अगं पोरी, तुझ्या जन्माआधीपासून मेन पाडतोय मी."

"म्हणा की काका. माझ्यासाठी."

"भिंतीमागच्या खोलीतला मेन पाडतो, कुलूप घालतो..."

भलताच मेन! तिला म्हणायचा होता तिच्या पाठीमागचा. काका दुसराच मेन पाडून जिवंत केबलला हात घालणार होते. तिचा हात कमरेला गेला. रिकामी कंबर. वाटलं, काकांना बाजूला सारावं नि आपणच करून टाकावं. पण तिनं दोन्ही हात पाठीशी नेले, एकानं दुसरा घट्ट धरला.

"चूक माझी, काका. माझ्या पाठीमागचा. लाल पट्टीवाला."

"असं होय. लाल पट्टीवाला, तुझ्या मागचा. तो पाडतो."

दहा मिनिटं राखून पॅनेल उभं राहिलं. तिचं एक बोटही लागलं नव्हतं.

शेड रिकामी झाल्यावर तो आला. "पास. उद्या सकाळी साइटवर." खिशातून पक्कड काढली, पण देईना. "एक सांगायचं होतं... म्हणजे तुम्ही... तू..."

"सर, काम स्पष्ट सांगायचं. तुम्हीच शिकवलंत."

त्यानं कानामागची पेन्सिल काढली, परत खोचली. "मला तू आवडतेस. शिडी धरली तेव्हापासून. उद्या तू गेलीस की मला इथं करमायचं नाही. दर रविवारी मी साइटवर येईन, तुला चालत असेल तर."

"कळलं."

"नुसतं कळलं चालत नाही." त्यानं पक्कड या हातातून त्या हातात घेतली. "परत म्हणून दाखव. तुझ्या शब्दांत."

बाहेर वाऱ्यानं पत्रा वाजत होता. ती एक पाऊल पुढं आली आणि म्हणाली, "मला तू आवडतोस. दहा दिवस हाताला चैन नव्हती, ते काही पक्कडीमुळं नव्हतं. आणि रविवारी उशीर केलास तर मीच इकडं येईन. बरोबर म्हटलं?"

त्यानं नुसती मान हलवली.

तिनं हात पुढं केला. त्यानं घाईघाईनं त्यात पक्कड ठेवली.

"पक्कड नको रे," ती म्हणाली. "हात."