कोपराखालचा सूर

सूर आला तो दुकानातून. अकोल्याच्या जुन्या कापूस बाजाराजवळ, श्रावणाच्या झडीत, मी एका रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या पत्र्याखाली उभी होते. कीर्तनाच्या साथीला पेटीवाला शोधत अमरावतीहून आले होते आणि नकार घेऊन परत निघाले होते. आत काहीतरी न थांबता गात होतं… आणि नेमकं माझ्या पट्टीत, काळी चार! नकळत मीही षड्ज लावला.

"थांबू नका, बाई!" आतून हाक आली. "तुमी थांबल्या का मले समजत नाही, मशीन सुरात हाये का मीच बहिरा!"

तारांच्या गुंत्यातून एक चेहरा वर आला. कपाळावर काजळी, डोळ्यांत हसू. चंद्रभान त्याचं नाव.

"रेडिओ काहून असा गाऊन राहिला?" मी विचारलं.

"रेडिओ नाही हा. व्हॉल्व्ह जोडून नुसता सूर काढून राहिलो. भाता नाही, पट्ट्या नाही. कोणाच्या कामाचा, देवाले माहीत!"

देवाला माहीत होतंच! मी कीर्तन करते. माझे बाबा नत्थुजी पेटीवर बसायचे. अर्धांगवायूनं त्यांचा हात गेला. मंदिराचे पंच पंजाबराव म्हणाले होते, "पेटी नसन त पोरी, सप्ताहाले दुसरा बुवा आणा लागन." श्रावणात पेटीवाला कुठला मोकळा? आणि कीर्तन सुटलं तर माझ्यात मग उरणार काय?

"मले असंच बनवून द्या," मी म्हटलं. "पण माझे दोन्ही हात झांजांत असतात. गाताना सूर चढला पाहिजे, बोलताना उतरला पाहिजे."

"हात नसले त काय झालं?" तो म्हणाला. "पाय हायेत ना!"

आठवड्यात तो यंत्र घेऊन आमच्या घरी आला. शिलाई मशीनसारखं पायडल. मी पाय उचलला… आणि मागे घेतला.

"काय झालं?"

"सुराले पाय लावू? पेटी उघडायच्या आधी आमी तिच्या पाया पडतो, चंद्रभानजी!"

"नाटकवाले त पायानंच भाता मारतात—"

"मारोत. माह्यानं होणार नाही."

पलंगावरून बाबा खुदखुदले. "पोरगी हट्टी हाये, भाऊ. सवय करून घ्या!"

त्याचे कान लाल झाले. माझंही काही वेगळं नव्हतं.

"बरं… उभ्या राहून गाऊन त दाखवा."

मी गायले. तो बघतच राहिला.

"काय पाहून राहिले?"

"कोपर," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "सूर चढला का तुमचं डावं कोपर अंगाशी येते. दर खेपेले."

इतकं नीट माझ्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं…

सप्ताहातल्या माझ्या कीर्तनाच्या दिवशी तो आला तो मोटारीच्या भोंग्याचा रबरी गोळा घेऊन. गोळा पदराखाली काखेत, त्याची लांब नळी यंत्रापर्यंत. कोपरानं दाबला की सूर चढे, सोडला की उतरे.

"दुखलं त सांगा."

"दुखत नाही हो… गुदगुल्या होतात!"

आख्यान रुक्मिणीचं लावलं, कौंडण्यपूरच्या आपल्या लेकीचं. "कृष्णाचा रथ दिसला," मी सांगत होते, "आणि तिनं मान वर केली—"

मीही केली. खांबाशी चंद्रभान उभा होता, हात जोडून, श्वास रोखून, माझ्याकडे पाहत…

आणि सूर चढला! बोलण्याच्या मधोमध, एकटाच, मंदिरभर. कोपर सैल करायचंही मला सुचेना. बायांनी डोळ्यांना पदर लावले. "वा, पोरी!" पंजाबराव मोठ्यानं म्हणाले.

आरतीनंतर त्यांनी नारळ हातात ठेवला. "पुढल्या वर्षीही तूच." माझा जीव भांड्यात पडला. खुर्चीवर बसवून आणलेले बाबा तर एका हातानंच टाळी वाजवावी तशी मांडी थोपटत होते.

चंद्रभान मात्र घामाघूम होऊन यंत्र उघडून बसला होता.

"मधातच वाजलं! कोठं तरी तार लागून राहिली. माफ करा, जमुनाबाई, मी—"

"झाका ते. त्यात काही बिघाड नाही."

"मंग काहून वाजलं?"

"रुक्मिणीले… रथ दिसला म्हणून."

त्याचा हात स्क्रूवर थांबला. डोळे वर आले, आणि बराच वेळ खाली गेलेच नाहीत.

"माह्यापाशी रथ नाही," तो हळूच म्हणाला. "सायकल हाये."

"मागं कॅरिअर हाये ना?" मी विचारलं.