इंटरव्हलनंतर

काम साधंच होतं. जुनं थिएटर पाडायला काढलं होतं, त्याआधी वीज तोडायची आणि मीटर काढून आणायचा. दुसरा कुणी मोकळा असता तर वायरमनने हे काम त्याच्याच गळ्यात मारलं असतं. पण मालकापुढे कोण बोलणार? भर दुपारी तो मागच्या दाराने आत शिरला. लहानपणापासून या गल्लीत त्याने पाय ठेवला नव्हता.

पोट सुटलं तरी घरी त्याला अजून बारक्याच म्हणत. तेव्हा तो खरंच बारका होता. नवं शतक नुकतंच उजाडलं होतं आणि एका सिनेमाने नुसतं वेड लावलं होतं. न्हाव्याच्या दुकानात, बसमध्ये, शेजारच्या खिडकीत, जिथे जावं तिथे त्यातलंच गाणं. ताई तर भांडी घासतानाही तेच म्हणायची. आई वैतागायची, "त्या गाण्याचं एकदा लग्न लाव आणि पाठव सासरी!"

शेवटी हट्ट करून ताई याच थिएटरात सिनेमाला गेली, सोबत बारक्याला घेऊन. इंटरव्हलला म्हणाली, "जागा सोडू नकोस हं, पॉपकॉर्न घेऊन आलेच." सिनेमा संपला, झाडूवाल्याने दिवे लावले, तरी ती आली नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाले. जमिनीने गिळलं की आभाळाने उचललं, कुणालाच कळलं नाही. त्या गाण्याची कॅसेट आईने चुलीत घातली.

वायरमनने मेन स्विच खाली ओढला. मीटरचा पहिला स्क्रू सैल होतोय, तोच भिंतीपलीकडून संगीत सुरू झालं.

तेच गाणं.

त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. वीज तर आत्ताच गेली होती, आणि आतले स्पीकर भंगारवाल्याने कधीच उचलले होते. "कोण आहे आत?" त्याने दार ढकललं. गाणं कडव्याच्या मधेच तुटलं. फुटक्या छपरातून येणारं ऊन सोडलं तर आत काही नव्हतं. खुर्च्यांच्या मोजक्या रांगा, धूळ... आणि ताज्या, गरम लोण्याचा वास.

"काका..."

तो गर्रकन वळला. दारात एक मुलगी उभी होती. हातातल्या पुड्यातून वाफ निघत होती.

"काका, माझा भाऊ बघितलात का? इथेच बसवून गेले होते..."

तोच आवाज. हनुवटीवरचा तोच व्रण.

"ताई," तो कसाबसा म्हणाला, "मीच. बारक्या."

तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि परक्या पुरुषापासून सरावं तशी एक पाऊल मागे सरली. "तो एवढासा आहे..." तिने कमरेशी हात धरून दाखवला. "घाबरला असेल हो. एकटा कधी राहत नाही तो."

"ताई, घरी चल. आई अजून वाट बघतेय..." त्याने तिचं मनगट धरलं. विहिरीच्या तळाचा दगड हाती यावा, तसं ते गार होतं.

"सोडा!" तिने हिसका दिला. "आधी त्याला शोधू दे."

हाका मारत ती रांगांमधून पळत सुटली. "बारक्या... ए बारक्या..." ठेचकाळत तो तिच्यामागे धावला. रांग संपली. पुढे नुसती भिंत होती. तो भिंतीवर हात आपटत राहिला, "ताई, मी इथे आहे गं!" म्हणून ओरडत राहिला. पलीकडून तिची हाक आली, मग आणखी लांबून, आणि मग नाहीच.

बाहेर पडून तो उन्हात पायरीवर कोसळला. खिशातला फोन वाजला. आई होती.

"आई, मला ताई..."

"आधी माझं ऐक," आई कुजबुजत होती. "दारात एक पोरगा आलाय. रडून रडून डोळे सुजलेत त्याचे. म्हणतो, आई, दार उघड, ताई परत आलीच नाही..."

वायरमन पायरीवरून उठून उभा राहिला.

"मी खिडकीतून बघतेय. अगदी तू रे... तेव्हाचा. घेऊ का त्याला आत?"

तो काही बोलायच्या आतच, तिकडे कडी निघाल्याचा आवाज आला.