अर्ध्याच गच्चीचे तडे

नव्या गच्चीच्या स्लॅबला तडे गेले होते आणि मालकांनी निकालही देऊन टाकला होता : ठेकेदारानं सिमेंट खाल्लं. दुपारपर्यंत कबूल करावं, नाहीतर साइट सोडावी.

"सिमेंट खाऊन कुणाचं पोट भरलंय, साहेब?" ठेकेदार म्हणाला.

शेवटी वहिनींना बोलावलं. वहिनी खासगी तपास करत. सोबत त्यांचे धाकटे दीर, भावजी, असत. मुख्यतः पिशवी धरायला.

स्लॅब सुकू नये म्हणून मातीचे बुटके बांध घालून त्यात घोटाभर पाणी साठवलं होतं. मागचा अर्धा भाग धड होता. तडे फक्त पुढच्या, तळ्याकडच्या अर्ध्यात. मागचे बांध पाण्यानं गुळगुळीत झालेले. पुढच्यांवर थापीचे ताजे वळ.

"स्लॅब दोनदा टाकलात?" वहिनींनी ठेकेदाराला विचारलं.

"एकदमच. माल एक, मिक्सर एक."

"आणि हे पुढचे बांध?"

ठेकेदार स्वतःच्या चपला बघू लागला. "नेहमीचेच."

"लपवतोय," भावजी कुजबुजले.

"लपवतोयच. काय, ते बघू."

मालक म्हणाले, "मी स्लॅब टाकल्यापासून वर फिरकलेलो नाही. रविवारी तर सगळ्यांना सुट्टी दिली. माणुसकी म्हणून."

मालकीणबाई चहा घेऊन आल्या. "व्याह्यांना काय वाटेल आता? रविवारीच वर उभं राहून तळं बघितलं त्यांनी. पांढरेशुभ्र बूट घालून आले होते हो, बांधकामावर. पण एक डाग नाही."

मालकांना ठसका लागला.

वहिनींनी सगळ्यांना जिन्याच्या तोंडाशी बसवलं. "माल एकच आणि मागचा भाग धड, म्हणजे सिमेंट कुणी खाल्लेलं नाही. पुढचा भाग उन्हात सुकला म्हणून तडकला. कुणीतरी बांध फोडून पाणी सोडलं. रविवारी कामगार नव्हते. आणि घोटाभर पाण्यातून गेलेले बूट पांढरे राहत नाहीत."

भावजींनी बराच विचार केला. "म्हणजे व्याह्यांनी फोडले?"

"पाहुण्यांना कुणी कामाला लावतं का, भावजी?"

मालकीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"डबक्यात उभं करून घर दाखवू का माणसाला?" मालक पुटपुटले.

वहिनी ठेकेदाराकडे वळल्या. "सोमवारी कोरडं दिसल्यावर तुम्ही गुपचूप बांध घातलेत."

"वाटलं, माझ्याच माणसांचा घोळ. लाज वाटली. झाकलं."

"जाऊ दे, काम चालू ठेवा," मालक म्हणाले.

"आणि चोर म्हणालात ते?" वहिनींनी विचारलं.

"बोलून गेलो."

"कुणाकुणाशी?"

मालकीणबाईंनी व्याह्यांना फोन लावला आणि मालकांच्या हातात दिला.

पलीकडून दोनदा 'हॅलो' आलं. मालकांचे कान लाल झाले होते. "ते... ठेकेदाराबद्दल सांगितलं होतं ना मी," त्यांनी सुरुवात केली.

ठेकेदार उठून गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. त्याला ते ऐकवेना.